चेहरा आपला, अंग भलत्याचं: बनावट अश्लील फोटो-व्हिडिओ आणि फौजदारी कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करते. गावोगावच्या कायदेविषयक शिबिरांत पूर्वी बायका पोटगीचं विचारायच्या, सातबाऱ्यावर नाव चढवायचं विचारायच्या. आता शिबिर उठलं की कुणीतरी मागे रेंगाळतं. सतरंज्या गोळा होईपर्यंत थांबतं आणि मग हळूच मोबाईल पुढे करतं. "मॅडम, हे मी नाही." मागे थांबणाऱ्या त्या मुलींसाठी आणि त्यांच्या मायबापांसाठी हे लिहिलंय. प्रश्न त्यांचेच आहेत. कुणाची ओळख पटेल असा तपशील तेवढा काढून टाकला आहे.

डीपफेक म्हणजे काय? पूर्वी स्टुडिओवाले फोटो जोडायचे, तेच ना?

जात तीच, पण काम फार सोपं झालंय. २०१७ च्या अखेरीस रेडिट या संकेतस्थळावर 'डीपफेक्स' असं नाव घेतलेल्या एका माणसाने सिनेनट्यांचे चेहरे अश्लील व्हिडिओंवर चढवून टाकले. हा शब्द तिथून आला. तेव्हा एका चेहऱ्यासाठी शेकडो फोटो आणि दणकट कॉम्प्युटर लागायचा. आज लग्नाच्या बायोडेटावरचा एक फोटो किंवा व्हॉट्सॲपचा डीपी पुरतो. २०१९ मध्ये डीपट्रेस या कंपनीने इंटरनेटवरचे असे व्हिडिओ मोजले, तेव्हा शंभरातले ९६ अश्लील आणि संमतीविना केलेले निघाले. पुढाऱ्यांच्या खोट्या भाषणांची चर्चा जास्त होते, पण हे हत्यार पहिल्या दिवसापासून बायकांवरच चाललंय.

गावात एक गैरसमज पक्का बसलाय, तो आधी काढते. लोकांना वाटतं, असलं ॲप 'कपड्याच्या आतलं दाखवतं'. एका आईने मला रडत विचारलं होतं, "माझ्या पोरीचं अंग साऱ्या गावानं पाहिलं का हो?" नाही पाहिलं. ॲपला कपड्यापलीकडचं काहीही दिसत नाही. हजारो परक्या बायकांच्या फोटोंवरून ते एक अंग रचतं आणि त्यावर तुमच्या पोरीचा चेहरा बसवतं. तिच्या अंगावरचा एक तीळही त्यात नसतो. हे त्या आईला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने पोरीला जवळ घेतलं.

फोटो खराच नाही, मंग रिपोर्ट कायले द्याचा? उलट गवगवा होते.

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात आणि त्यामागची भीती मला कळते. पण आपल्याकडे पहिला सवाल नेहमी 'फोटो खरा आहे का?' हाच असतो. पानठेल्यावर तोच, सोयऱ्यांत तोच आणि कधी कधी ठाण्यातही तोच. खरा निघाला तर चूक पोरीची. खोटा निघाला तर 'मग बिघडलं काय?' दोन्हीकडून पोरगीच हरते. मला वाटतं, विचारायचं ते इतकंच: तिचा चेहरा असा वापरायला तिने हो म्हटलं होतं का? तिथे उत्तर 'नाही' असेल, तर फोटो खरा असो की बनावट, तिच्यावर अत्याचार झालेला आहे.

ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत एका मुलीची सोयरीक मोडली. फोटो बनावट आहेत हे पाहुण्यांना समजावून सांगितलं, त्यांना पटलंही. तरी ते म्हणाले, "आमाले पटलं, पण आमच्या गावाले कोन पटवनार?" मुलीने एसटीने तालुक्याला कॉलेजला जाणं सोडलं. फोटो खोटा होता. मोडलेली सोयरीक आणि सुटलेलं कॉलेज खरं होतं.

गवगवा तर फोटो फिरला तेव्हाच झालेला असतो. एफआयआरची प्रत हा मुलीच्या बाजूने उभा राहणारा पहिला सरकारी कागद. तक्रारदाराला ती फुकट मिळते, तो तिचा हक्क आहे. पाहुण्यांपुढे, प्राचार्यांपुढे, ॲपच्या कंपनीपुढे तोच कागद कामी येतो.

यासाठी कोणतं कलम लागतं?

सरळ एक कलम नाही. चार-पाच कलमं एकत्र बांधावी लागतात, म्हणून रिपोर्ट लिहिताना घटना नीट लिहिणं महत्त्वाचं.

सगळ्यात कामाचं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७अ. लैंगिक कृत्य दाखवणारं काहीही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध केलं किंवा पाठवलं, तर पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कैद ७ वर्षांपर्यंत. हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून तपास करायचा) आणि अजामीनपात्र आहे. नुसता अश्लील फोटो असेल तर कलम ६७, तिथे पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याच्या नावाचं खातं उघडून हे केलं असेल तर ६६क आणि ६६ड ही ओळख चोरण्याची आणि तोतयेगिरीची कलमंही जोडायला सांगा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातलं कलम ७९ म्हणजे जुनं ५०९: स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, ३ वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. सतत मेसेज करणं, पाळत ठेवणं यासाठी ७८. धमकी दिली असेल तर ३५१ आणि त्यातलं पोटकलम ३ आठवणीने वाचा. एखाद्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी हा तिथे वेगळा, जड गुन्हा आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. "फोटो गावभर करीन" ही धमकी त्यातच येते, असं मी युक्तिवादात मांडते. धमकी नाव लपवून दिली असेल तर पोटकलम ४ खाली आणखी २ वर्षांपर्यंत.

खाचखळगे कुठे आहेत तेही सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई गुप्तांगाचा फोटो संमतीविना काढण्या-पसरवण्याबद्दल आहे. आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो, "ते अंग फिर्यादीचं नाहीच, मग तिचा खासगीपणा मोडला कसा?" न्याय संहितेचं कलम ७७ लपून पाहण्याबद्दल, खासगी क्षणाचं चित्रण करण्याबद्दल आहे. इथे तो क्षण कधी घडलाच नाही, म्हणून तेही निसटतं. प्रतिष्ठेला धक्का लावण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक दस्त करणं हा कलम ३३६ खाली गुन्हा आहे, पण ते खोट्या कागदपत्रांच्या हिशेबाने लिहिलेलं कलम. फोटोवर ते ओढूनताणून बसवावं लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये 'माझा फोटो व्हायरल केला' एवढंच लिहू नका. 'माझ्या चेहऱ्याचा वापर करून बनावट अश्लील फोटो तयार केला, माझ्या संमतीविना अमुक दिवशी अमुक क्रमांकावरून पाठवला आणि अशी अशी धमकी दिली' असं घटनाक्रमाने लिहा.

नुसता बनवून स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवला, कुणाला पाठवला नाही. मग?

मोठ्या बाईच्या बाबतीत इथेच कायदा तोकडा पडतो. ६७ आणि ६७अ दोन्ही 'प्रसिद्ध करणे, पाठवणे' याभोवती उभी आहेत. तिला दाखवून धमकावलं, पैसे मागितले, भेटायला बोलावलं तर ३५१ (धमकी) आणि ३०८ (खंडणी) लागतात. पण 'आपल्यासाठी' बनवून ठेवणाऱ्याला धरायला स्पष्ट कलम नाही.

पोरगी अठराच्या आतली आहे. काही फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो. लहान मुलांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम ११ मध्ये, मुलाच्या शरीराचं 'खरं किंवा बनावट' चित्रण माध्यमांत वापरण्याची धमकी देणं हा लैंगिक छळ आहे, असं तेव्हाच लिहून ठेवलंय. डीपफेक हा शब्द जन्मण्याच्या पाच वर्षं आधी! २०१९ च्या दुरुस्तीने तर व्याख्येतच कॉम्प्युटरवर तयार केलेली, फेरफार केलेली आणि मूल दिसेल अशी प्रतिमा घातली. म्हणजे 'अंग तिचं नाही' हा बचाव तिथे कामाचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब खाली असं चित्र नुसतं तयार करणं, शोधणं, डाउनलोड करणं हाही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य साठवण्या-पाहण्याबद्दल कडक निकाल दिला आणि त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका, ते मुलांचं लैंगिक शोषण आहे, असं बजावलं.

हा 'बनावट' शब्द कायद्याला लहान मुलींसाठी सुचला, त्यांच्या मोठ्या बहिणींसाठी नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला जे कवच आहे, ते अठरावा वाढदिवस उलटला की गळून पडतं. मला हे दर वेळी खुपतं.

आणखी एक. मुलीच्या बाबतीत असं घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ते बंधन आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, आशाताई, कुणीही असो. 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण चालत नाही. मुलीचं बयान शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचं असतं. तिला ठाण्यात रात्री थांबवून ठेवता येत नाही.

ठाण्यात म्हणतात, 'हे सायबरचं काम आहे, जिल्ह्याले जा.' काय करायचं?

तिथेच बसा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायचा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. त्याच कलमाने ऑनलाइन तक्रारही पाठवता येते, मात्र ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

'जिल्ह्याले जा' म्हणण्यामागे कधी एक खरी अडचण असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं कलम ७८ सांगतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान ठाण्यांचे ठाणेदार सहायक निरीक्षक असतात. मग तपास वर जातो. पण तपास वर जाणं वेगळं आणि रिपोर्ट न घेणं वेगळं. नोंद करून घ्यायला कुठलीही आडकाठी नाही. साध्या बदनामीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) फाडून हातात ठेवतील, त्यावर समाधान मानू नका. ६७अ आणि ७९ दोन्ही दखलपात्र आहेत. कलम ७९ ची माहिती नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं शिक्षा होऊ शकते. हे वाक्य तिथे शांतपणे म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं.

तरीही नाही घेतली, तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तिथेही हाललं नाही तर तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कायदेशीर मदत बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते, १९८७ च्या कायद्याने. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. फोन करायचा तर १५१००.

तंटामुक्ती समिती म्हणते, गावातलं गावात मिटवा. मिटवलं तर?

मी या मोहिमेच्या विरोधात नाही. २००७ पासून बांधावरची, वाटणीची किती तरी भांडणं तिने कोर्टाबाहेर सोडवली, मी स्वतः पाहिलंय. पण ही बाब बांधाची नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७७अ कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात ते सांगतं आणि तिथेच लिहिलंय की बाईविरुद्धचा किंवा १८ वर्षांखालच्या मुलाविरुद्धचा गुन्हा त्या वाटेने मिटवता येणार नाही. समितीच्या रजिस्टरवर सही घेऊन तो संपत नाही.

अशा बैठकीत काय होतं तेही सांगते. पोरगा बापासोबत येतो, मान खाली घालून माफी मागतो, दहा माणसांदेखत मोबाईलमधले फोटो उडवतो. सगळ्यांना हायसं वाटतं. पोरगी त्या बैठकीत नसतेच, तिच्या वतीने तिचा काका बोलतो. आणि सगळ्यांसमोर उडवलेले ते फोटो म्हणजे आपलाच पुरावा. शिवाय मोबाईलमधून उडवले तरी गुगल खात्यात, टेलिग्रामच्या चॅनलवर, मित्राच्या फोनमध्ये ते राहतात. एका प्रकरणात माफीनाम्यानंतर सहा महिन्यांनी, पोळ्याच्या दिवशी, तेच फोटो नव्या नंबरावरून फिरले. तोवर पहिल्या मोबाईलचा पत्ता नव्हता.

पोलीस पाटलांना माझी विनंती: असं काही कानावर आलं की बैठक बोलवू नका, ठाण्यात कळवा.

पुरावा कसा जपायचा? पोरीने घाबरून सगळं डिलीट केलं.

डिलीट झालं असेल तर तिला रागावू नका, पुष्कळदा कंपनीकडून आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून ते परत मिळवता येतं. अजून हाताशी असेल तर असं करा. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्या, कापू नका. नंबर, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसली पाहिजे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर असेल तर त्या खात्याची लिंकही कॉपी करून ठेवा, कारण नाव दोन मिनिटांत बदलतं, लिंकवरून खातं सापडतं. उघडल्यावर गायब होणारा फोटो असेल तर दुसऱ्या मोबाईलने पडद्याचा फोटो काढा. मग वहीत हाताने लिहा: कधी पाहिलं, कुणी दाखवलं, त्याआधी कुणाशी काय वाद झाला होता. हा शेवटचा तपशील तपासात सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण बनवणारा बहुधा ओळखीतलाच असतो: नकार दिलेला, वर्गातला किंवा भावकीतला.

'पाहा, कसा छळ चाललाय' म्हणून तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका. मुलगी अल्पवयीन असेल तर मुळीच नाही. थेट पोलिसांना द्या.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह जातो. त्यात त्या फाइलची हॅश म्हणजे अंकी ठसा नोंदवायचा असतो. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. हे प्रमाणपत्र द्यायचं राहिलं म्हणून चांगलं प्रकरण लंगडं झालेलं मी पाहिलंय, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

पोलिस माझाच मोबाईल जमा करतील का?

करू शकतात, आणि गरीब घरात एकच मोबाईल असतो हे मला ठाऊक आहे. जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. बँकेच्या ओटीपीचा नंबर त्याच सिममध्ये असेल तर सिम परत मागा. तपासापुरती प्रत काढून झाली की मोबाईल सुपुर्दनाम्यावर (लागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) कोर्टातून सोडवता येतो. दुसरा मोबाईल नाही म्हणून रिपोर्ट टाळणाऱ्या बाया आहेत. त्यांना सांगते, तो अर्ज विधी सेवेचा वकील फुकट करून देतो.

इंटरनेटवरून ते काढायचं कसं? पोलिसांची वाट पाहायची का?

पाहू नका, दोन्ही कामं सोबत चालू द्या. ज्या ॲपवर आहे तिथेच आधी तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी, नग्नता किंवा लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या आणि फेरफार करून तोतयेगिरी करणाऱ्या मजकुरासाठी कंपनीला २४ तासांची मुदत घातली होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती आणखी आखूड केली. तक्रार पीडितेने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणीही करायला चालते, म्हणजे भाऊ, मैत्रीण, शिक्षिका. कंपनीने ऐकलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

दुसरा रस्ता स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळाचा. इथे फोटो द्यावा लागत नाही. तुमच्याच मोबाईलवर त्याचा अंकी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो आणि तसा फोटो चढला की अडवला जातो. अठराच्या आतल्यांसाठी असंच टेक इट डाऊन हे संकेतस्थळ आहे. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांत मात्र हे चालत नाही. गुगलच्या शोधात नाव टाकल्यावर दिसत असेल, तर बनावट अश्लील चित्र काढण्याचा वेगळा अर्ज गुगलकडे आहे.

सरकारचं सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल आहेच. बायका-मुलांच्या तक्रारीत नाव न सांगताही माहिती देता येते. पण पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. क्रमांक घेऊन ठाण्यात जावंच लागतं. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

लोन ॲपवाल्याने बायकोचा फोटो बिघडवून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

खरिपाच्या तोंडावर, पीककर्ज अडलेलं असताना, पाच-दहा हजारांसाठी अशी ॲप घेतली जातात, आणि घेताना ॲप मोबाईलमधले नंबर आणि फोटो उचलून घेतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बँकांच्या आणि वित्त कंपन्यांच्या कर्ज ॲपना नंबरांची यादी आणि फोटोंत शिरायला मनाई केली आहे. म्हणजे जे ॲप ते मागतं, ते मुळात नियमात बसत नाही. पैसे देऊन सुटका होत नाही, दुसऱ्या दिवशी मागणी वाढते. कलम ३०८ ची खंडणी, ६७ किंवा ६७अ, आणि धमकी, हे सगळं रिपोर्टमध्ये घाला. इथे १९३० ला पण फोन करा, पैसे गेलेले असतात. कर्ज घेतलं ही शरमेची बाब नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर घरच्या माणसाने स्वतः दोन ओळी टाकाव्यात: 'हा बनावट फोटो आहे, रिपोर्ट दिला आहे, कुणी पुढे पाठवू नये.' धमकी देणाऱ्याचं बळ तिथेच निम्मं होतं.

मीच त्याला आधी माझा एक फोटो पाठवला होता. आता मले बोलता येईल का?

हो. न्याय संहितेच्या कलम ७७ चं दुसरं स्पष्टीकरण हेच सांगतं: चित्रणाला संमती दिली, पण पसरवायला दिली नव्हती, तर पसरवणं गुन्हा आहे. तू विश्वास ठेवलास, हा कोणत्याच कायद्यात गुन्हा नाही. फक्त वकिलापासून आणि तपास अधिकाऱ्यापासून ते लपवू नकोस, उलटतपासणीत अचानक निघालं तर नुकसान होतं.

ग्रुपवर आलं, मी फक्त फॉरवर्ड केलं. ॲडमिनलाही पकडतात का?

फॉरवर्ड करणं म्हणजेच 'पाठवणं'. बनवणारा एक असतो, गावभर करणारे शंभर, आणि ६७अ त्या शंभरांनाही लागतं. ॲडमिनचं वेगळं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. संगनमत दिसलं पाहिजे. पण गुन्हेगार नसलात तरी ग्रुप तुमचा आहे. स्क्रीनशॉट घेऊन तो मेसेज सगळ्यांसाठी उडवा, टाकणाऱ्याला बाहेर काढा, मुलीच्या घरी कळवा.

करणारा पोट्टा सोळा वर्षांचा आहे. त्याचं आयुष्य बरबाद होईल ना?

त्याची आई हे विचारते, आणि तिचंही काळीज मला दिसतं. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नाही. समुपदेशन, देखरेख, समाजसेवा, फार तर ३ वर्षांपर्यंत विशेष गृह; नोंद पुढे नोकरीच्या आड येऊ नये अशी कायद्याची सोय आहे. स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावात २०२३ मध्ये शाळकरी पोरांनी वर्गातल्या मुलींची अशीच चित्रं बनवली. कोर्टाने पुढच्या वर्षी १५ मुलांना एक वर्षाच्या देखरेखीत ठेवून वर्गाला बसवलं: बाईचा सन्मान म्हणजे काय, तंत्रज्ञान कसं वापरावं. मला तो मार्ग पटतो. पण तिथे पोचायचं असेल तर आधी प्रकरण नोंदवावं लागतं. दाबलेल्या प्रकरणातून पोरगा काहीच शिकत नाही.

दीड वर्ष झालं. आता उशीर झाला का?

१ वर्षाहून जास्त आणि ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ३ वर्षांची मुदत असते. ३ वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना, म्हणजे ६७अ ला, मुदत नाही. उशीर का झाला ते रिपोर्टमध्येच लिहा. 'भीती वाटत होती' हे पुरेसं आणि खरं कारण आहे.

पेपरात नाव येईल का?

पोक्सोमध्ये मुलीची ओळख छापणं कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. सज्ञान बाईसाठी न्याय संहितेचं कलम ७२ नाव झाकतं, पण ते बलात्कारासारख्या ठरावीक कलमांपुरतंच. डीपफेक त्या यादीत नाही. म्हणून रिपोर्टसोबतच 'माझं नाव, गाव पत्रकारांना देऊ नये' असा लेखी अर्ज द्या. गावाचं नाव, कॉलेज आणि जात छापली की नाव न छापताही सगळ्यांना कळतं, हे तालुक्याच्या वार्ताहरांनी समजून घ्यावं.

एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा सरकार एक सरळ कायदा का करत नाही?

करायला हवा. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून असं चित्र पसरवणं स्वतंत्र गुन्हा आहे आणि तिथे कायद्याचे शब्द 'ती व्यक्ती दाखवणारं किंवा दाखवत असल्यासारखं भासणारं' असे आहेत. त्या 'भासणारं' शब्दाने अंग कुणाचं हा वादच संपवला. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये असं चित्र जवळ बाळगणं आणि पाहणंही शिक्षेला पात्र केलं. अमेरिकेने मे २०२५ च्या कायद्याने कंपन्यांना असं चित्र ४८ तासांत काढायला लावलं. आपलं ६७अ मात्र अश्लीलतेचं कलम आहे. ते चित्र किती ओंगळ आहे हे मोजतं, तिला विचारलं होतं का हे विचारतच नाही. संमतीविना, खरं किंवा बनावट, तयार करणं किंवा पसरवणं, एवढं एका कलमात आलं की माझं अर्ध्या तासाचं समजावणं दोन मिनिटांवर येईल.

पोरगी जेवत नाही, बोलत नाही. मी काय करू?

ताई, रिपोर्ट उद्या दिला तरी चालेल, आज तिच्याजवळ बसा. 'तू काय केलंस' असं विचारू नका. 'हे तुझं अंग नाही, आम्हाला माहीत आहे' एवढं तिच्या बापाच्या तोंडून तिच्या कानावर पडू द्या. आईने म्हणण्याहून बापाने म्हटलेलं तिला जास्त लागतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. मोबाईल हिसकावू नका, कॉलेज बंद करू नका. काही दिवस एसटी स्टँडपर्यंत भावाने सोबत जावं. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. बाईंसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समुपदेशक भेटतात.

आणि फवारणीचं औषध घरात असेल, तर आजच्या आज ते उचलून शेतातल्या कोठीत कुलुपात ठेवा. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. रात्री तिच्या शेजारी झोपा.